हमबकर पिकअप: स्प्लिट करायचा की पॅरलल?

सांगली-मिरजेकडे गणपतीच्या मंडपात किंवा जत्रेच्या स्टेजवर हमबकरवाली (दोन कॉइलच्या पिकअपची) गिटार वाजवणार असाल तर कॉइल स्प्लिटच्या नादी लागू नका, सिरीज-पॅरलल करून घ्या, म्हणजे दोन्ही कॉइल एकामागोमाग किंवा समांतर जोडणारा स्विच. स्प्लिटमध्ये एक कॉइल बंद पडते आणि हम (विजेची गुणगुण) मारण्याचा पिकअपचा गुणच जातो. शेजारी डिमर आणि लायटिंगच्या वायरी असल्या की गुणगुण सुरू. पॅरललमध्ये दोन्ही कॉइल चालू राहतात. आवाज पातळ, उजळ आणि थोडा कमी होतो, पण हम दबलेलाच राहतो. घरी रेकॉर्डिंगला स्प्लिट चालेल.

आधी पिकअपला चार वायरी आणि उघडी शील्ड (वर आवरण नसलेली ग्राउंडची तार) आहे का ते बघा. एकच वायर आणि शील्ड असेल तर पिकअप उघडावा लागेल; नवख्याने ते करू नये, केसासारखी तार लगेच तुटते.

रंगांवर डोळे झाकून जाऊ नका. सिरीजसाठी सेमूर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये लाल-पांढरी जोडतात, डिमार्झिओ कंपनीच्या पिकअपमध्ये काळी-पांढरी.

ए५००के पुश-पुल पॉट (ओढता-दाबता येणारा, स्विच असलेला ५०० किलोओहमचा नॉब) घ्या. सिंगल कॉइलचा २५०के लावला तर हमबकर दबका वाजतो. पॉटच्या स्विचला तीन-तीन पायांच्या दोन रांगा असतात. डंकनची पांढरी एका रांगेच्या मधल्या पायाला, लाल दुसरीच्या मधल्या पायाला. एका टोकाचे दोन्ही पाय आपसांत जोडा, ही सिरीज. दुसऱ्या टोकाला पांढरीच्या रांगेतला पाय ग्राउंडला, लालच्या रांगेतला हॉटला (सिग्नलच्या वायरला). काळी हॉटला, हिरवी आणि शील्ड ग्राउंडला. नॉब खाली असताना कुठलं टोक मधल्या पायाशी जुळतं ते मल्टीमीटरच्या बीपवर आधीच तपासा आणि सिरीज तिकडे ठेवा.

पॉटच्या पाठीवर ग्राउंड सोल्डर करताना २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न कमी पडतं. ते धरून बसलं की आतला ट्रॅक जळतो. पत्रा घासून, ४०-६० वॅटने दोन-तीन सेकंदांत उरका.

झाकण लावण्याआधी जॅकमध्ये केबल घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, सिलेक्टर त्याच पिकअपवर ठेवा आणि ओहम मोजा. सिरीजला साधारण ८के येत असेल तर पॅरललला २के यायला हवेत. ४के आले तर एकच कॉइल चालू आहे. ओहम बरोबर, पण दोन्ही पिकअप एकत्र केल्यावर आवाज नाकातून आल्यासारखा पोकळ? फेज उलटी आहे, म्हणजे दोन पिकअपचे सिग्नल एकमेकांना मारतायत. एकाच पिकअपची काळी-हिरवी आणि पांढरी-लाल अदलाबदल करा. शील्ड ग्राउंडलाच राहू द्या.

तारांना हात लावल्यावर हम वाढला तर जॅकवर हॉट-ग्राउंड उलटे आहेत. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष गिटारमध्ये शोधू नका, अँप बंद करा आणि मंडपवाल्याकडून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय तारांना हात लावू नका.