विधान खोडायचे कसे: विरोधचौकोनाचा वापर

सोलापूरच्या चाटी गल्लीत एखादा दुकानदार “आमच्याकडच्या सर्व चादरी सुती आहेत” असे म्हणाला आणि ते पटले नाही, तर पुष्कळ जण तावातावाने “तुमच्याकडे एकही चादर सुती नाही” असे बोलून मोकळे होतात. त्याचे म्हणणे खोटे पाडण्यासाठी एवढे मोठे विधान करण्याची गरज नसते, आणि केलेच तर ते सिद्ध करण्याचा भार विनाकारण आपल्या डोक्यावर येतो.

म्हणून विधान खोडण्यापूर्वी ते पारंपरिक तर्कशास्त्राच्या चार साच्यांपैकी एकात बसवावे. ‘सर्व चादरी सुती आहेत’ हे ए विधान, ‘एकही चादर सुती नाही’ हे ई, ‘काही चादरी सुती आहेत’ हे आय आणि ‘काही चादरी सुती नाहीत’ हे ओ. ए आणि ई सार्विक आहेत, म्हणजे संपूर्ण वर्गाविषयी बोलतात; आय आणि ओ विशेष, म्हणजे वर्गातील काहींविषयी. येथे ‘काही’ याचा अर्थ ‘निदान एक’ एवढाच घ्यावा. रोजच्या बोलण्यात त्याला चिकटलेली ‘सगळ्या नव्हेत’ ही छटा बाजूला ठेवावी. साचा ठरवताना खरा घोटाळा ‘सर्व चादरी सुती नाहीत’ या वाक्याने होतो, कारण बोलणाऱ्याला एकही सुती नाही असे म्हणायचे आहे की काही सुती नाहीत एवढेच, हे त्यावरून कळत नाही. अशा वेळी अंदाज न बांधता सरळ विचारून घ्यावे.

आता एक चौकोन काढून वरच्या कोपऱ्यांत ए आणि ई, तर त्यांच्या खाली अनुक्रमे आय आणि ओ लिहावे; हाच विरोधचौकोन. (हे संबंध ॲरिस्टॉटलने मांडले, आकृती मात्र नंतरच्या भाष्यकारांची आहे.) सर्वांत उपयोगी रेषा म्हणजे कर्ण. ए आणि ओ, तसेच ई आणि आय, यांच्यातील संबंध व्याघाताचा असतो: दोन्ही विधाने एकाच वेळी खरी नसतात आणि एकाच वेळी खोटीही नसतात. त्यामुळे दुकानदाराचे ए खोडायला ओ पुरते, आणि ओ सिद्ध करायला एक चादर पुरते. तिच्या कडेचा एक धागा ओढून जाळून पाहावा. कागद जळल्यासारखा वास येऊन भुरभुरीत राख उरली तर तो सुती समजावा, आणि वितळून त्याची कडक गुठळी झाली तर सुती नव्हे. अशी एक गुठळी हाती आली की ‘सर्व’ संपले.

वरच्या कडेचा संबंध वैपरीत्याचा आहे. ए आणि ई दोन्ही खरी असू शकत नाहीत, पण निम्म्या चादरी सुती आणि निम्म्या मिश्र धाग्याच्या असतील तर दोन्ही खोटी ठरतात. तावातावाने बोलणारा ग्राहक फसतो तो नेमका येथे. खालच्या कडेवर याच्या उलट, म्हणजे उपवैपरीत्य असते: आय आणि ओ दोन्ही खरी असू शकतात, दोन्ही खोटी मात्र नाहीत. उभ्या कडांवर उपाश्रयण असते, म्हणजे वरच्या सार्विक विधानातून खालचे विशेष विधान निघते, आणि तेथे सत्य वरून खाली उतरते, असत्य खालून वर चढते. खालचे विधान खरे आहे एवढ्यावरून वरच्याविषयी काहीच ठरत नाही.

हे सारे चालते ते विधानाच्या उद्देश्यात, म्हणजे ज्याविषयी विधान केले आहे त्या वर्गात, निदान एक वस्तू आहे असे गृहीत धरल्यामुळे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याचे उदाहरण घेऊ. तेथे एकही माळढोक नाही असे क्षणभर मानले, तर ‘नान्नजचे सर्व माळढोक धष्टपुष्ट आहेत’ आणि ‘नान्नजचा एकही माळढोक धष्टपुष्ट नाही’ ही दोन्ही विधाने आधुनिक तर्कशास्त्राच्या हिशेबाने खरी ठरतात, कारण त्यांना खोटे पाडणारा पक्षीच नसतो. मग वैपरीत्य, उपवैपरीत्य आणि उपाश्रयण ही तिन्ही कोसळतात, फक्त कर्ण टिकतात. तेव्हा उद्देश्याच्या अस्तित्वाविषयी शंका असेल, तर कडांवरून कोणताही निष्कर्ष न काढता केवळ कर्णांवर विसंबावे.