आधी प्लॅटफॉर्म, मग स्टेज

माझ्याकडे नव्याने येणाऱ्या मुली बहुतेक वेळा एका दमात सांगतात, "ताई, मला पॉवरलिफ्टिंगही करायचंय आणि बॉडीबिल्डिंगच्या स्टेजवरही उतरायचंय." जरूर उतर. फक्त दोन्हींची तयारी एकाच वेळी करू नकोस. पॉवरलिफ्टिंगमध्ये टोटल, म्हणजे तिन्ही लिफ्टमधल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज, वाढवायचं तर पोटभर खावं लागतं, आणि स्टेजसाठी कित्येक महिने कमी खावं लागतं. म्हणून आधी ताकद कमाव.

पहिल्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेसाठी वजन उतरवू नकोस. आज ज्या वजनी गटात बसतेस, त्यातच खेळ. आयपीएफच्या (आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या) नियमानुसार वजन घ्यायला स्पर्धेच्या दोन तास आधी सुरुवात होते. पाणी तोडून आलेलं शरीर तेवढ्यात सावरत नाही.

खरा विचार अटेम्प्टचा, म्हणजे वजन उचलायच्या प्रयत्नांचा, कर. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), बेंच (आडवं पडून छातीवरून बार वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलून उभं राहणं), प्रत्येकाचे तीन. फसलं तरी त्या लिफ्टचं वजन खाली आणता येत नाही, आणि एका लिफ्टचे तिन्ही अटेम्प्ट गेले तर टोटलच लागत नाही. म्हणून पहिला अटेम्प्ट असा ठेव, की झोप न झालेल्या दिवशीही त्या वजनाचे दोन-तीन रेप्स (सलग उचल) निघाले पाहिजेत. जिममध्ये पूर्ण खाली जाऊन १०० किलोचा स्क्वॉट होत असेल, तर ९० ने सुरुवात कर. मग ९५ किंवा ९७.५ घे. १००-१०२.५ तिसऱ्यासाठी ठेव, आणि तेही दुसरा वेगात आला तरच. हा हिशोब घरी कागदावर करून ने, कारण लिफ्ट झाल्यावर पुढचं वजन सांगायला एकच मिनिट मिळतं.

रेफरीच्या कमांडची सवय आधीच्या महिन्याभरात लाव. बेंचला "स्टार्ट", "प्रेस", "रॅक". बार छातीवर स्थिर झाल्याशिवाय "प्रेस" येत नाही. डेडलिफ्टला "डाउन" ऐकेपर्यंत बार धरून उभी राहा. ताकद असूनही केवळ घाईमुळे लाल दिवे (रेफरीने लिफ्ट बाद केल्याची खूण) घेणाऱ्या मुली मी पाहते तेव्हा जीव तुटतो. जोडीदाराला मोठ्याने कमांड द्यायला सांग, आणि तिने मुद्दाम उशीर केला तर उत्तमच.

स्पर्धा झाली की आठवडाभर हलकं काम. मग कटिंग, म्हणजे स्टेजसाठी कमी खाऊन चरबी उतरवणं. पहिल्या वेळी चार-पाच महिने हाताशी ठेव, आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्ध्या ते एक टक्क्याहून जास्त उतरवू नकोस. प्रोटीन वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅमच्या आसपास ठेव. जड बार सोडू नकोस, फक्त सेट कमी कर. बेंच आधी घसरते, डेडलिफ्ट बराच काळ टिकते, घाबरू नकोस. लिफ्टरचे पाय-पाठ सहसा तयार असतात. कमी पडतो तो खांद्याचा बाजूचा भाग, त्यामुळे वाचलेला वेळ लॅटरल रेजला (डंबेल बाजूने वर उचलण्याला) दे. पोझिंग रोज कर. दमलेल्या पायांवर पोझ धरणं हा वेगळाच व्यायाम आहे.

कोणत्या गटात उतरायचं हे आरशाला विचारू नकोस, परीक्षणाचे निकष वाच. बिकिनी, वेलनेस, फिगर, फिजिक, बॉडीबिल्डिंग: प्रत्येकात स्नायू किती हवेत याची अपेक्षा वेगळी. मांड्या-नितंब भक्कम असतील तर वेलनेस बघ. बेव्ह फ्रान्सिसचं उदाहरण मी प्रत्येकीला देते. १९८० ते १९८५ सलग सहा वेळा पॉवरलिफ्टिंगची जगज्जेती, ३०० पौंडांहून जास्त बेंच मारणारी पहिली स्त्री. १९८३ साली ती बॉडीबिल्डिंगच्या स्टेजवर आली तेव्हा तिचा आठवा क्रमांक लागला, कारण तिच्याइतके स्नायू स्त्रीच्या अंगावर परीक्षकांना नको होते. पॉवरलिफ्टिंग सोडून ती पूर्णवेळ या खेळाकडे वळली, १९८७ साली वर्ल्ड प्रो ही व्यावसायिक स्पर्धा जिंकली, आणि १९९० व १९९१ च्या मिस ऑलिंपियात, म्हणजे स्त्रियांच्या बॉडीबिल्डिंगच्या सर्वात मानाच्या स्पर्धेत, दुसरी आली. तिची ताकद वाया गेली नाही, पण निकष तिला दरवेळी नव्याने समजून घ्यावे लागले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कटिंगमध्ये पाळी लांबली तर लिहून ठेव. तीन महिने आलीच नाही तर डॉक्टरकडे जा आणि कमी खाणं थांबव, मग स्पर्धा कितीही जवळ असो. "खेळाडूंचं असंच असतं" म्हणणाऱ्या कोचचं ऐकू नकोस; अन्न कमी पडल्याची किंमत हाडं मोजतात. स्टेरॉइडने जाड झालेला आवाज औषध सोडल्यावरही पूर्ववत होईलच असं नाही. ड्रग टेस्ट होणाऱ्या संघटनेतच नाव नोंदव.

स्टेजनंतर वजन वाढणार, आणि वाढायलाच हवं. पहिले काही आठवडे जेवण ठरलेल्या वेळी घे, स्टेजवरचे फोटो रोज उघडू नकोस. बारकडे परतलीस की जुन्या आकड्यांच्या ७० टक्क्यांवर पाच-पाच रेप्सने सुरुवात कर आणि दर आठवड्याला २.५ किलो वाढव.