जुन्या वस्तूंना नवं काम लावताना या चुका टाळा

मराठवाड्याच्या घरांत वस्तू सरळ टाकून देण्याची रीत फार जुनी नाही. विटलेलं लुगडं वाकळेत, म्हणजे गोधडीत जायचं, वाकळ विरली की तिचं पोतेरं व्हायचं. रांजण फुटला तर त्याचा तळ कोंबड्यांना पाणी ठेवायला उपयोगी पडायचा. यात कुणी कलाकुसर बघत नव्हतं, गरज भागत होती एवढंच. आता तीच गोष्ट हौस म्हणून परत आली आहे. पाडलेल्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) वाड्यांतले खांब, बैलगाडीची चाकं, कंदील शहरातल्या दिवाणखान्यांत दिसू लागलेत. ही हौस मला मनापासून आवडते. गोची एवढीच होते की वस्तू हातात आली रे आली की माणसं रंगाचा डबा उघडतात. तिनं आजवर काय काम केलं, ती कशाची बनली आहे, हे कुणी विचारत नाही. खालच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

आत काय होतं ते न विचारता डबा-ड्रम घरात आणणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत 5 लाख लिटर पाणी होतं. त्या दुष्काळी वर्षांनी आपल्याला पाणी साठवायची सवय लावली आणि निळा ड्रम घराघरांत शिरला. नवा ड्रम महाग पडतो, म्हणून लोक जुना घेतात. यातले बरेच ड्रम कारखान्यांतून रिकामे होऊन आलेले असतात. विकणारा सांगतो, ‘नुसता साबण होता हो यात.’ असेलही. नसेलही. ड्रमच्या बुडाशी त्रिकोणात 2 हा आकडा दिसतो, तो पाहून काहीजण निश्चिंत होतात. तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो, आत काय भरलं होतं ते सांगत नाही. प्लास्टिक काही रसायनं स्वतःत शोषून घेतं आणि मग सावकाश सोडत राहतं, त्यामुळे दहादा धुतला तरी प्यायच्या पाण्याला तो ड्रम चालत नाही. मूळ लेबल शाबूत आहे आणि आत खायचाच पदार्थ होता, अशी खात्री असेल तरच तो पिण्यासाठी घ्यावा. नाहीतर बांधकाम, कुंड्या, गाडी धुणं एवढ्यावर त्याला ठेवा.

ड्रम उघडा ठेवू नका. तोंडाला जुन्या धोतराचं दुहेरी कापड ताणून बांधा आणि आठवड्यातून एकदा तो रिकामा करून आतून घासा. डेंग्यूचा डास भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी जागेवरच राहतात, म्हणून घासणं महत्त्वाचं. कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं सांगतं ते याचसाठी. टायरची कुंडी किंवा झोका करणाऱ्यांनाही हेच लागू. टायरच्या खालच्या बाजूला भोकं पाडल्याशिवाय तो अंगणात ठेवायचाच नाही.

कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यात फवारणीचे रिकामे डबे ढिगानं निघतात. झाकण घट्ट, मूठ छान, त्यामुळे शेतात पाणी न्यायचा मोह होतो. या बाबतीत माझं मत अगदी कठोर आहे: कीटकनाशकाच्या डब्याला दुसरा जन्म नाही. कुंडी नको, डिझेलला नको, शोभेलाही नको, कारण आज शोभेला ठेवलेल्या डब्यात उद्या कुणीतरी तेल भरतं. लेबलवर विषाची तीव्रता सांगणाऱ्या त्रिकोणाचा रंग लाल असो की हिरवा, त्यानं फरक पडत नाही. डबा तीनदा खळखळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं, डब्याला खिळ्यानं भोकं पाडायची आणि तो निकामी करायचा. औषध लावलेल्या बियाण्याच्या पिशव्यांचंही तसंच. आत गुलाबी किंवा हिरवी पूड दिसली तर त्या पिशवीत धान्य, डाळ, शेंगा काही भरू नका.

मोंढ्यातला तागाचा बारदाना मात्र बिनधास्त घ्या. धुऊन, उन्हात वाळवून त्याच्या पिशव्या, आसनं झकास होतात. त्यावरची आडत दुकानाची अर्धवट पुसलेली छपाई कापताना बाहेरच्या बाजूला येईल असं बघा. सगळी मजा त्या छपाईतच आहे.

चकाकीच्या नादात जुनेपण घासून टाकणे

पितळ दिसलं की चिंच, असा आपला हात बसलेला आहे. रोजच्या तांब्याला ते ठीक. पण आजोबांच्या काळातलं काळं पानदान, सुरई किंवा डबी सापडली आणि त्यावर चांदीसारखी वेलबुट्टी असेल, तर थांबा. ते बिदरी असू शकतं. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या पेट्यांत बिदरी निघणं नवलाचं नाही. बिदरीची धातू म्हणजे जस्त जास्त आणि तांबं थोडं. तिचा काळा रंग मळाचा नसतो. बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपानं तो मुद्दाम आणलेला असतो. त्या लेपानं जस्त काळं पडतं, चांदी तशीच राहते, आणि म्हणून नक्षी उठून दिसते. ओळखीच्या एका घरात सुनबाईंनी दिवाळीच्या साफसफाईत असं पानदान चिंचेनं लख्ख केलं. सगळी वस्तू सपाट राखाडी झाली, वेलीची पानं जवळ नेऊन शोधावी लागत होती. असं झालंच तर घरी काळा रंग फासू नका. बीदरच्या कारागिराकडून ती पुन्हा काळी करून घेता येते. एरवी मऊ सुती कापड आणि खोबरेल तेलाचा एखादा थेंब, एवढीच तिची निगा.

पितळी घागरीचा दिवा करायचा म्हणून बुडाला भोक पाडणारे बरेच आहेत. आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा आहे, मग खुशाल प्रयोग करा. नाही चिकटला तर भोक पाडायचं टाळा. वायर तोंडातूनही आत सोडता येते. रोप लावायचं असेल तर घागरीत प्लास्टिकची कुंडी उतरवा, कारण खतं आणि ओल पितळ खातात. जुन्या पातेल्यात रांधायचं असेल तर आधी कल्हई. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, चिंचेचं सार, आमटी ठेवायची नाही, हे आजी सांगत आल्यात ते खरंच आहे.

तीच गत लाकडाची. वाड्याच्या दारावरचा जुना रंग कोरड्या कागदानं घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. भारतात त्यावर कडक मर्यादा आली ती 2016 च्या नियमांनी. पाणी लावून घासा, तोंडाला फडकं बांधा, पोरांना लांब ठेवा. आणि लाकूड घरात घेण्याआधी चांगलं आपटून बघा. पिठासारखा भुगा पडला तर आत कीड आहे. औषध लावून, उन्हात ठेवून मगच आत.

माठाकडून चुकीची अपेक्षा

‘माठ आता पाणी गार करत नाही, म्हणून झाडाजवळ पुरला, तरी झाड वाळलंच,’ ही तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. तिचं उत्तर तिच्यातच आहे. माठ पाणी गार करतो कारण त्याच्या छिद्रांतून पाणी पाझरतं आणि बाहेर वाफ होऊन उडतं. आपल्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार काही मोसमांत ती छिद्रं बुजवतात. असा माठ मातीत पुरला तर तो पाणी सोडणार कुठून?

तपासायला सोपं आहे. माठ कोरडा करून गळ्यापर्यंत भरा आणि सावलीत ठेवा. काही तासांनी बाहेरून हात फिरवा. अंग ओलसर लागलं तर तो झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरायला चांगला. तोंडावर खापरी झाका, म्हणजे पाणी उडणार नाही आणि डासही होणार नाहीत. अंग कोरडं आणि पांढरट राहिलं तर नारळाच्या शेंडीनं, थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं बाहेरून-आतून घासा आणि पुन्हा बघा. साबण लावू नका, तो छिद्रांत बसतो. एवढं करूनही पाझरत नसेल तर बुडाला भोक पाडून त्याची कुंडी करा. चिरलेला असेल तर आडवा कापून बसकी कुंडी. ऑइलपेंट मारून त्यावर वारली चित्रं काढायची साथ आलेली आहे. वारली पालघरकडची, सुंदरच आहे, पण परभणीच्या प्रत्येक बाटलीवर आणि माठावर तीच का, हे मला उमगलेलं नाही. शिवाय रंगानं माठाचा श्वास बंद होतो, तो वेगळाच तोटा.

तेलाच्या पत्र्याच्या डब्यात झाड जगत नाही, त्याची कारणं दोन. भोकं नसतात किंवा फक्त बुडाला असतात आणि जमिनीला टेकून बुजतात. आणि मे महिन्यात पत्रा तापून मुळं भाजतात. भोकं कडेला, बुडापासून बोटभर वर पाडा, डबा विटांवर ठेवा, बाहेरून चुना मारा किंवा तरट गुंडाळा. सुटलं.

वाकळ: कापड न ओळखता टाके घालणे

जुन्या साड्यांचं करायचं काय, याला मराठवाड्यात वाकळेपेक्षा चांगलं उत्तर अजून तरी सापडलेलं नाही. पण हल्ली कपाटातून निघतात त्या सिंथेटिक आणि जॉर्जेटच्या साड्या. सुती लुगड्याबरोबर त्या एकाच वाकळेत घातल्या की थर एकमेकांवरून सरकतात, मध्ये गोळे होतात आणि उन्हाळ्यात अंग चिकचिकतं. सुतीला सुतीच द्या. सिंथेटिकच्या पट्ट्या कापून वेणी घाला, पायपुसणं किंवा बाजेची नवार करा, तिथं त्या टिकतात.

वरचं अस्तर नवं घेतलं असेल तर ते धुवूनच वापरा. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, आतली जुनी लुगडी आटत नाहीत, आणि वाकळ पापडासारखी वाकडी होते. गडद काठांवर ओलं पांढरं कापड दाबून बघा, रंग सुटला तर तो तुकडा बाजूला. दोरा सुतीच हवा. नायलॉनचा पक्का दोरा विरलेल्या सुताला हळूहळू कापतो आणि मग टाका जागेवर, कापड फाटलेलं, असं होतं.

चुण्या पडतात त्या टाक्यांमुळे कमी आणि मांडणीमुळे जास्त. थर जमिनीवर अंथरा, कोपऱ्यांवर दगड ठेवा, मधून कडेकडे हात फिरवत कच्चे लांब टाके घालून घ्या आणि मगच धावदोरा धरा. हे काम पलंगावर होत नाही. थरांचाही हव्यास नको. जाड वाकळ धुतल्यावर आतून वाळत नाही आणि कुबट वास धरते.

पैठणी आणि हिमरू (सूत-रेशमाचं नक्षीदार विणीचं कापड) मात्र वाकळेत घालू नका. हिमरूच्या उलट्या बाजूला सुटे, तरंगते धागे असतात. कात्री लावली की ते निसटतात आणि नक्षी उसवत जाते. कापायचंच असेल तर कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आधी मशीनची टीप मारा, मग मधून कापा. घड्यांवर चिरलेली पैठणी असेल तर काठ-पदर सुती अस्तरावर टाचून मग दुसरीकडे लावा.

चालू होऊ शकणारी वस्तू शोभेला बसवणे

बैलगाडीच्या चाकाचं टेबल करण्याआधी आरे हलवून बघा. लाकूड वर्षानुवर्षं वाळलं की आक्रसतं, चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, सैल होते. वरून व्हार्निश मारून ते घट्ट होत नाही. सुताराकडून पाचरी मारून घ्या. छताला टांगायचा विचार तर सोडाच. कंदिलात दिवा बसवायचा तर कमी वॅटचा एलईडी घ्या, आणि पत्र्याची बॉडी असेल तर तीन पिनांची वायर व अर्थिंग हवंच.

जात्याचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. त्याचं कारंजं करतात. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात कारंजं! पुष्कळ जाती फक्त गुळगुळीत झालेली असतात. जात्याला छिन्नीनं टाकी लावणाऱ्या एका मावशींना शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘मावशी, हे दळत का नाही हो?’ त्या हात फिरवून म्हणाल्या, ‘दगुड चांगला हाय बाई, त्याला दातच ऱ्हायले न्हाईत.’ छिन्नीनं टाके पाडले की डाळ भरडायला, मेतकुटाला जातं पुन्हा चालतं. टाकी लावल्यावर पहिली एक-दोन मूठ भरड ज्वारी दळून टाकून द्या, त्यात दगडाची कच येते. खुंटा सैल असेल तर तो लाकडाचाच नवा घाला.

भंगारात घालतानाच्या चुका

सगळ्याचंच काही करायचं नसतं. ‘लागेल कधीतरी’ म्हणून माळ्यावर चढवलेल्या वस्तूला यंदाच्या दिवाळीपर्यंत काम मिळालं नाही, तर ती भंगारवाल्याला देऊन मोकळं व्हा. देताना पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड वेगळं करा, एकत्र दिलं की सगळं लोखंडाच्या भावात जातं. सीएफएल आणि ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, त्या फोडू नका आणि त्यांचे दिवेही करू नका. मोबाइल, चार्जर, टीव्हीसाठी 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, ते नोंदणीकृत रिसायकलरकडे किंवा कंपनीच्या संकलन केंद्रावरच द्यावेत. आणि तांब्यासाठी वायरी जाळू नका. त्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो, शिवाय जळकट तांब्याला भाव कमी मिळतो. वायर चाकूनं सोलून द्या, नाहीतर आहे तशी विका.