जैविक फीडबॅकचं मॉडेल करताय? या चुका टाळा

जीवशास्त्र, बायोकेमिस्ट्री आणि कंट्रोल सिस्टिम्स हे तिन्ही विषय एकत्र घेणाऱ्या मुलांचे प्रोजेक्ट मी बरीच वर्षं तपासत आले आहे. मुलं हुशार असतात, रात्र रात्र बसतात, आणि तरी चुका त्याच त्याच करतात. बहुतेकींचं मूळ घाईत असतं. समीकरण, एककं आणि चिन्हं कागदावर उतरायच्या आधीच सिम्युलेशन सुरू झालेलं असतं.

ग्राफ हेलकावतोय म्हणजे पेशीही हेलकावते, असं मानणं

या चुकीने मला सगळ्यात जास्त छळलं आहे, म्हणून सविस्तर सांगते.

एका गटाने तीन पायऱ्यांचं मॉडेल केलं होतं. एमआरएनए (जनुकाचा संदेश नेणारा रेणू), त्यापासून एन्झाइम, एन्झाइमपासून अंतिम पदार्थ, आणि तो पदार्थ पहिल्या पायरीला रोखणारा, म्हणजे फीडबॅकचा लूप. गुडविन यांनी साठच्या दशकात मांडलेली हीच रचना. ग्राफवर एकसारखी, न थकणारी आंदोलनं येत होती आणि पोस्टर छापून तयार होतं. मी विचारलं, हिल कोइफिशंट, म्हणजे रोखण्याचा वक्र किती तीव्र ते सांगणारा आकडा, किती घेतला? उत्तर आलं, 4. तिन्ही पायऱ्यांचा ऱ्हासाचा वेग? सारखाच, मिनिटाला 1.

मग आंदोलनं टिकणं शक्यच नाही. कागदावर चार ओळींत हे दिसतं. आंदोलन टिकायचं तर तीन पायऱ्यांनी मिळून सिग्नलला 180 अंश मागे टाकायला हवं, म्हणजे प्रत्येकीने 60 अंश. 60 अंश मागे पडताना प्रत्येक पायरी सिग्नल निम्मा करते, म्हणून तिन्ही मिळून तो आठव्या हिश्श्यावर येतो. ही घट भरून काढायला लूपचा गेन, म्हणजे रोखण्याच्या पायरीवर सिग्नल जितक्या पट वाढतो तो आकडा, निदान 8 हवा. हिल फंक्शनची, म्हणजे त्या रोखण्याच्या वक्राची, संवेदनशीलता मात्र कधीच हिल कोइफिशंटच्या वर जात नाही. म्हणजे 4 वर काम होणार नाही, 8 च्या वर जावं लागेल. ऱ्हासाचे वेग वेगवेगळे असले तर आणखी वर. ग्रिफिथ यांनी 1968 मध्येच हे गणित करून दाखवलं आहे.

मग आंदोलनं आली कुठून? ऑयलरच्या पद्धतीतून, म्हणजे समीकरण वेळेच्या छोट्या छोट्या उड्यांनी (स्टेपनी) सोडवण्यातून. मुलांनी स्टेप 0.5 मिनिटाची घेतली होती. सुटी पायरी पाहिली तर ही स्टेप निर्धोक आहे, कारण तिथे 2 मिनिटांपर्यंत काही बिघडत नाही. लूप जोडला की मात्र हळूहळू विरणारं आंदोलन तयार होतं, आणि त्याला पाव मिनिटाच्या आसपासच्या स्टेपपलीकडे ऑयलर झेपत नाही. विरायचं ते उलट फुगत जातं आणि हिल फंक्शनच्या मर्यादेला टेकून स्थिरावतं. स्टेप 0.1 केली आणि तीच आंदोलनं चार-पाच फेऱ्यांत विझली. "पण मॅडम, रेप्रेसिलेटरमध्ये तर हिल कोइफिशंट 2 वरही चालतं," असं एकजण म्हणाला. प्रश्न चांगला होता. एलोविट्झ आणि लाइब्लर यांच्या 2000 सालच्या त्या जनुकीय सर्किटमध्ये एकमेकांना रोखणारी तीन प्रथिनं आहेत. तिन्ही संवेदनशीलतांचा गुणाकार होतो, शिवाय एमआरएनए धरून पायऱ्या सहा होतात. आकडा दुसऱ्याच्या मॉडेलमधून उचलताना त्याची रचनाही बघावी लागते.

माझी सवय सांगते. कुठलाही निकाल आला की स्टेप निम्मी करून पुन्हा चालवते. उत्तर बदललं, तर तो निकाल माझ्यासाठी नाहीच. वेगांमध्ये हजारपटीचं अंतर असेल, तर पहिल्यापासूनच अशा (स्टिफ) समीकरणांसाठी असलेला सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, वापरते. याला पाच मिनिटं लागतात. ती वाचवून पोस्टर छापणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते, कारण पुढे हीच सवय प्रबंधात जाते.

प्रतिसाद लवकर हवा म्हणून उत्पादन वाढवणं

प्रथिनाची पातळी हळू चढते, मग प्रमोटर (जनुक किती जोरात चालावं ते ठरवणारा डीएनएचा भाग) जोरदार घेऊ, हा विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो आणि तो चुकीचा आहे. उत्पादनाचा वेग बीटा आणि ऱ्हासाचा वेग अल्फा धरा. स्थिर पातळी येते बीटा भागिले अल्फा, आणि तिच्या निम्म्यावर पोचायला लागणारा वेळ 0.69 भागिले अल्फा. या वेळेत बीटा कुठेच नाही. प्रमोटर दुप्पट केला तर पातळी दुप्पट होईल, वेळ तेवढाच राहील. जीवाणूतलं टिकाऊ प्रथिन फक्त पेशी वाढून विभागल्यामुळे विरळ होतं. म्हणून पेशी 40 मिनिटांत दुप्पट होत असेल, तर निम्म्यावर पोचायलाही 40 मिनिटंच लागतात. घाई असेल तर ऱ्हास वाढवा. नाहीतर जोरदार प्रमोटर घेऊन त्यावर त्याच प्रथिनाचा निगेटिव्ह फीडबॅक लावा. जीवाणूंमध्ये याने प्रतिसाद खरोखर लवकर येतो, हे 2002 मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं आहे.

रोखणारा बाण दिसला की "निगेटिव्ह फीडबॅक" लिहिणं

आकृतीत आधी लूप पूर्ण होतो का ते बघा, मग त्यातले रोखणारे बाण मोजा. विषम असतील तर निगेटिव्ह, सम असतील तर पॉझिटिव्ह. आयसोल्यूसीन आपल्याच साखळीतल्या पहिल्या एन्झाइमला, थ्रिओनीन डीअमायनेजला, रोखतं हे उम्बार्गर यांनी 1956 मध्ये दाखवलं. तिथे रोखणारा बाण एकच, म्हणून लूप निगेटिव्ह. दोन प्रथिनं एकमेकांना रोखतात तो टॉगल स्विच मात्र पॉझिटिव्ह फीडबॅक आहे, म्हणूनच त्याला दोन स्थिर अवस्था असू शकतात.

लाइनवीवर–बर्कवरून केएम काढणं

लाइनवीवर–बर्क म्हणजे वेगाचा व्यस्त आणि सबस्ट्रेटच्या (एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थाच्या) प्रमाणाचा व्यस्त यांची सरळ रेषा, आणि केएम म्हणजे वेग कमालीच्या निम्मा होतो ते सबस्ट्रेटचं प्रमाण. 1934 मध्ये ही सोय होती, कारण हातात पट्टी आणि ग्राफपेपर होता. आज ती फक्त प्रतिबंधाचे प्रकार समजावायला ठेवावी. वेग 10 आणि चूक अर्ध्याची असेल, तर व्यस्त 0.095 ते 0.105 मध्ये राहतो. वेग 1 असताना तीच चूक व्यस्ताला 0.67 पासून 2 पर्यंत पसरवते. म्हणजे सगळ्यात कच्चा बिंदू तुमची रेषा ओढतो. मूळ वक्रच थेट फिट करा. मोफत सॉफ्टवेअर आहे, सबब चालणार नाही.

आणि केएम म्हणजे बंध किती घट्ट, असं सरसकट लिहू नका. सबस्ट्रेट सुटण्याच्या मानाने उत्प्रेरणाची पायरी बरीच मंद असेल तेव्हाच ते खरं.

मिनिट आणि सेकंद एकाच मॉडेलमध्ये मिसळले की उत्तर 60 पटींनी चुकतं. प्रत्येक पॅरामीटरपुढे एकक लिहा.

ट्रिस बफरचा (पीएच धरून ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच 25 अंशांना 8.0 लावून प्रयोग 37 अंशांना केला, तर तो 7.7 च्या आसपास उतरलेला असतो. ज्या तापमानाला प्रयोग, त्याच तापमानाला पीएच लावा.

एनएडीएच हा रेणू किती प्रकाश शोषतो त्यासाठीचा 6220 हा आकडा प्रकाशाच्या 1 सेंटिमीटर मार्गासाठी आहे. मायक्रोप्लेटमध्ये मार्गाची लांबी किती भरलंय त्यावर ठरते.

ई. कोलाय या जीवाणूचं आकारमान साधारण 1 फेम्टोलिटर. तिथे 1 नॅनोमोलर म्हणजे एक रेणूसुद्धा नाही. अशा आकड्यांवर गुळगुळीत डिफरन्शियल समीकरणं लावू नका, एकेक रेणू मोजून यादृच्छिक घटना चालवणारी गिलेस्पी यांची पद्धत शिका.

शेवटची तक्रार ट्रान्सफर फंक्शनची, म्हणजे इनपुटवरून आउटपुट देणाऱ्या लिनियर सूत्राची. ते एका ऑपरेटिंग पॉइंटच्या, म्हणजे निवडलेल्या स्थिर अवस्थेच्या, आसपास खरं असतं, हे वर्गात सगळ्यांना पाठ असतं. तरी प्रोजेक्टमध्ये इनपुट दहापट करून तेच वापरतात, कॉन्सन्ट्रेशन शून्याखाली गेलं की कोडमध्ये "शून्यापेक्षा कमी असेल तर शून्य" अशी ओळ घालतात आणि पुढे जातात. त्या ओळीने चूक झाकली जाते, जात नाही. मूळ मॉडेल आणि लिनियर मॉडेल एकाच ग्राफवर काढा, बदल 10 टक्क्यांपासून सुरू करून वाढवत न्या, आणि दोन रेषा कुठे फुटतात तो आकडा अहवालात लिहा.