ब्लीचबिटमध्ये लिब्रेऑफिससाठी स्वतःचा क्लीनर: काय पुसायचं आणि कशाला हात लावायचा नाही

टायपिंगच्या दुकानात एकाच कॉम्प्युटरवर सकाळी एका घरचं वाटणीपत्र होतं, दुपारी दुसऱ्याचं साठेखत, संध्याकाळी कुणाच्या तरी घटस्फोटाच्या अर्जाचं प्रतिज्ञापत्र. कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. त्यामुळे सहा जिल्ह्यांतले पक्षकार इथं कागद करून घ्यायला येतात. पक्षकार पेनड्राइव्ह घेऊन निघून जातो, दुकानदार डेस्कटॉपवरची फाइल डिलीट करतो, आणि काम संपलं असं दोघांनाही वाटतं. प्रत्यक्षात त्या मजकुराचे चार-पाच अवशेष मशीनवर राहिलेले असतात. ते पुसण्यासाठी ब्लीचबिट हे मोफत, मुक्त स्रोत साधन चांगलं आहे. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सूटचा एक क्लीनर, म्हणजे काय-काय पुसायचं ते सांगणारी फाइल, त्यात आयता येतो, पण त्याचा मुख्य भर अलीकडे उघडलेल्या फाइलींच्या यादीवर आहे. दुकानाला त्यापेक्षा जास्त लागतं, आणि ते जास्तीचं काम एका छोट्या एक्सएमएल फाइलमध्ये बसतं.

खाली फाइलींची, फोल्डरांची आणि टॅगची नावं देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता घाला. अचूक स्पेलिंगसाठी ब्लीचबिटची मूळ फाइल शेजारी उघडी ठेवा. लिनक्सवर ती /यूएसआर/शेअर/ब्लीचबिट/क्लीनर्स/ मध्ये असते, विंडोजवर ब्लीचबिटच्या प्रोग्राम फोल्डरातल्या शेअर\क्लीनर्स मध्ये. लिब्रेऑफिसच्या नावाची फाइल शोधा, तिची कॉपी करा आणि कॉपीवरच काम करा. मूळ फाइलीत बदल केला तर ब्लीचबिटच्या पुढच्या अपडेटला तो पुसला जातो.

अवशेष नेमके कुठे

लिब्रेऑफिसची सगळी वैयक्तिक सामग्री एका प्रोफाइल फोल्डरात असते. लिनक्सवर ~/.कॉन्फिग/लिब्रेऑफिस/४/यूजर, विंडोजवर %ॲपडेटा%\लिब्रेऑफिस\४\यूजर. मधला ४ बघून गोंधळू नका. लिब्रेऑफिस कितीही नवं असलं तरी हा आकडा ४च राहतो. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या लिनक्सवर प्रोग्राम बसवायच्या वेगळ्या पद्धती. फ्लॅटपॅकवरून बसवलं असेल तर प्रोफाइल होम फोल्डरातल्या .व्हार/ॲप च्या आत असतं, स्नॅपवरून बसवलं असेल तर स्नॅप फोल्डरात. नेहमीच्या जागी हात लावला तरी काहीच पुसलं जात नाही, अशी तक्रार असते तिथं बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

प्रोफाइलमधली सर्वांत बोलकी फाइल म्हणजे रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स.एक्ससीयू. सगळ्या सेटिंग्ज यात असतात आणि अलीकडच्या फाइलींची यादीही यातच असते, मुळात २५ नोंदींपर्यंत. ही फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून हिस्टरीज हा शब्द शोधा. एकेका नोंदीत फाइलीचा पूर्ण पत्ता, तिचं शीर्षक आणि थंबनेल नावाखाली अक्षरांची एक लांबलचक रांग दिसेल. ती रांग म्हणजे दस्तऐवजाच्या पहिल्या पानाचं छोटं चित्र आहे. मूळ फाइल डिलीट केली तरी हे चित्र सेटिंग्जमध्ये तसंच राहतं. त्यामुळे या यादीला नुसती नावांची यादी समजू नये.

मराठी नावांच्या बाबतीत इथं एक घोळ होतो. फाइलीचं नाव ‘वाटणीपत्र’ असेल तर पत्त्यात ते देवनागरीत दिसत नाही, टक्क्याच्या चिन्हांसह सांकेतिक रूपात दिसतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तिथं टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार किंवा टक्का-ई-शून्य, टक्का-ए-पाच असं सुरू होतं. साफसफाईनंतर खात्री करायची असेल तर ‘वाटणीपत्र’ शोधून थांबू नका, हे दोन तुकडेही शोधा.

दुसरी जागा प्रोफाइलमधलं बॅकअप फोल्डर, आणि माझ्या मते सर्वांत धोक्याची हीच. टूल्स → ऑप्शन्स → लोड/सेव्ह → जनरल मध्ये ‘नेहमी बॅकअप कॉपी करा’ हा पर्याय चालू असेल तर प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची आवृत्ती .बॅक या शेपटीने इथं जाते. म्हणजे अख्खा दस्तऐवज. लाइट गेली, मशीन बंद पडलं, तर ऑटोरिकव्हरीची प्रतही इथंच राहते. फाइलीत पक्षकाराचं नाव शोधलं आणि सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. लिब्रेऑफिसची फाइल आतून झिप केलेली असते, त्यामुळे मजकूर शोधात येत नाही. शेपूट बदलून .ओडीटी केलं की तीच फाइल रायटरमध्ये सरळ उघडते.

तिसरी जागा दस्तऐवजाच्या शेजारीच असते. फाइल उघडी असताना लिब्रेऑफिस त्याच फोल्डरात .~लॉक.नाव.ओडीटी# अशी लपलेली फाइल करतं. तिच्यात वापरणाऱ्याचं नाव, मशीनचं नाव आणि तारीख-वेळ असते. प्रोग्राम नीट बंद झाला तर ती जाते, मध्येच मेला तर राहते. उरलेल्या जागांसाठी, म्हणजे टेंप फोल्डरातल्या लू ने सुरू होणाऱ्या .टीएमपी फाइली, लिनक्सची अलीकडच्या फाइलींची यादी आणि फाइल मॅनेजरची थंबनेल्स यांसाठी, ब्लीचबिटमध्ये पर्याय आधीच आहेत. ते फक्त चालू करायचे.

कशाला हात लावायचा नाही

‘प्रोफाइलच उडवून टाका, नवीन तयार होतं’ हा सल्ला सर्रास मिळतो. दुकानाच्या मशीनवर तो ऐकू नका. वर्डबुक फोल्डरातल्या स्टँडर्ड.डिक मध्ये वर्षानुवर्षं भर घातलेले शब्द असतात: करवीर, शिरोळ, गगनबावड्यातल्या गावांची नावं, आडनावं, कोर्टाचे शब्द. ऑटोकॉर फोल्डरात मराठीच्या दुरुस्त्या असतात. ऑटोटेक्स्टमध्ये ‘मी खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर कथन करतो की’ यासारखे ठरीव मसुदे असतात. टेम्प्लेटमध्ये स्टॅम्प पेपरच्या मापाने बसवलेली पानं असतात. हे सगळं टायपिस्टचं भांडवल आहे. म्हणून हे चारही फोल्डर ब्लीचबिटच्या प्रेफरन्सेसमधल्या व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे न पुसायच्या जागांच्या यादीत, आधीच टाका. उद्या क्लीनरमध्ये पत्ता चुकला तरी हे वाचतील.

फाइल लिहिणं

साधा टेक्स्ट एडिटर किंवा नोटपॅड वापरा. रायटर वापरू नका, कारण तो सरळ अवतरण चिन्हं वाकडी करतो आणि एक्सएमएल तिथंच मोडतं. नावात किंवा पत्त्यात ॲम्परसँड चिन्ह असेल तर ते तसंच न ठेवता एक्सएमएलच्या पद्धतीने &एएमपी; असं लिहावं लागतं.

सर्वांत बाहेरचा टॅग क्लीनर. त्याचा आयडी मूळ फाइलीपेक्षा वेगळा हवा, उदाहरणार्थ लिब्रेऑफिस_दुकान. दोन फाइलींचा आयडी एकच असेल तर यादीत एकच क्लीनर दिसतो आणि दुसरा कुठे गेला ते कळत नाही. आत लेबल आणि डिस्क्रिप्शन लिहा, ते मराठीत असलं तरी चालतं. फाइल मात्र यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा.

मग रनिंग टॅग, प्रकार ईएक्सई, मजकूर एसऑफिस.बिन. लिब्रेऑफिस चालू असताना साफसफाई झाली तर ब्लीचबिट या टॅगवरून ते ओळखून सावध करतं. हा टॅग गाळू नका. लिब्रेऑफिस सेटिंग्ज स्वतःच्या मेमरीत धरून बसतं आणि नंतर पुन्हा डिस्कवर लिहितं. तुम्ही यादी पुसता आणि ते ती परत आणून ठेवतं. विंडोजवर क्विकस्टार्टर चालू असेल तर खिडकी बंद केली तरी प्रोग्राम घड्याळाशेजारी जिवंत राहतो, त्याला तिथून बाहेर काढा.

पुढे व्हार टॅगमध्ये प्रोफाइल नावाचं एक चल करा आणि त्यात जेवढ्या जागा संभवतात तेवढ्या व्हॅल्यू द्या: लिनक्सची, विंडोजची, फ्लॅटपॅकची, स्नॅपची. प्रत्येकीला ओएस गुणधर्म लावा. जी जागा मशीनवर नाही ती ब्लीचबिट गुपचूप सोडून देतं. नंतर सगळीकडे $$प्रोफाइल$$ एवढंच लिहिलं की पुरे.

आता ऑप्शन. प्रत्येक अवशेषासाठी वेगळा ऑप्शन ठेवा, एकातच सगळं कोंबू नका. यादी रोज पुसायची असते, बॅकअप विचार करून पुसायचा असतो.

पहिला ऑप्शन यादीचा. इथं कमांड डिलीट देऊ नका, नाहीतर सगळ्या सेटिंग्ज जातील. ब्लीचबिटमध्ये यासाठी खास कमांड आहे: ऑफिस_रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स. ती एक्ससीयू फाइल वाचते, फक्त हिस्टरीजच्या नोंदी काढते आणि बाकी तसंच ठेवते. सर्च गुणधर्म फाइल, आणि पाथमध्ये त्या फाइलीचा पूर्ण पत्ता.

दुसरा बॅकअपचा:

<ॲक्शन कमांड="डिलीट" सर्च="वॉक.फाइल्स" पाथ="$$प्रोफाइल$$/बॅकअप/"/>

वॉक.फाइल्स फक्त फाइली काढतं. वॉक.ऑल आतली फोल्डरंही काढतं, आणि वॉक.टॉप तर वरचं फोल्डरही ठेवत नाही. इथं पहिलंच पुरे. या ऑप्शनमध्ये वॉर्निंग टॅग घालून लिहा: ‘अर्धवट राहिलेलं काम परत मिळणार नाही’. मशीन अचानक बंद पडल्यावर लगेच हा ऑप्शन चालवू नका. रिकव्हरीची यादी एक्ससीयूत वेगळ्या जागी असते आणि वरची खास कमांड तिला हात लावत नाही. प्रती गेल्या आणि यादी राहिली, तर पुढच्या वेळी लिब्रेऑफिस उघडताच रिकव्हरीची खिडकी नसलेल्या फाइली मागत बसते. आधी लिब्रेऑफिस उघडून हवं ते परत मिळवा, नको ते तिथंच टाकून द्या, प्रोग्राम नीट बंद करा आणि मग साफ करा.

तिसरा लॉक फाइलींचा. कमांड डिलीट, सर्च वॉक.फाइल्स, पाथ दस्तऐवजांचं फोल्डर, आणि रेगेक्स (फाइलींची नावं जुळवायचा नमुना) गुणधर्म:

^\.~लॉक\..+#$

ठिपक्याआधीचा बॅकस्लॅश विसरला तर ठिपका म्हणजे ‘कुठलंही अक्षर’ असा अर्थ होतो. शेवटचं डॉलर विसरलं तर # नंतर आणखी काहीही असलं तरी जुळणी होते. इथं पाथमध्ये दुकानातल्या दोन-तीन मशीनमध्ये वाटलेलं नेटवर्क फोल्डर कधीही देऊ नका. रनिंग टॅग फक्त याच मशीनकडे बघतो. शेजारच्या टेबलावर तीच फाइल उघडी असेल आणि तुम्ही तिचं लॉक पुसलं, तर दोघंजण एकाच खरेदीखतात बदल करतील आणि शेवटी सेव्ह करणाऱ्याचाच मजकूर राहील.

चाचणी

फाइल .एक्सएमएल शेपटीने ~/.कॉन्फिग/ब्लीचबिट/क्लीनर्स/ मध्ये ठेवा, विंडोजवर %ॲपडेटा%\ब्लीचबिट\क्लीनर्स मध्ये. फोल्डर नसेल तर तयार करा. ब्लीचबिट बंद करून पुन्हा उघडा, कारण क्लीनर फक्त सुरुवातीला वाचले जातात.

खऱ्या फाइलींवर प्रयोग नको. ‘चाचणी’ नावाची फाइल करा, बॅकअपचा पर्याय चालू ठेवून दोनदा सेव्ह करा. पहिल्या सेव्हला बॅकअप होत नाही, कारण मागची आवृत्तीच नसते. मग टास्क मॅनेजरमधून लिब्रेऑफिस मारा म्हणजे लॉक फाइलही मागे राहील. पुन्हा उघडून रिकव्हरी निस्तरायच्या आधी शेवटच्या दहा मिनिटांत बदललेल्या फाइली शोधा, लिनक्सवर फाइंडच्या एममिन अटीने. आपण ज्यांचा विचार केला नव्हता अशा जागा याच यादीत सापडतात. दुसऱ्या एखाद्या ऑफिस सूटसाठी क्लीनर लिहायचा झाला तरी सुरुवात इथूनच करायची.

आता ब्लीचबिटमध्ये प्रीव्ह्यू दाबा. प्रीव्ह्यू काहीही पुसत नाही, फक्त काय पुसलं जाईल ते दाखवतो. यादीतली प्रत्येक ओळ वाचा. ऑटोटेक्स्ट किंवा वर्डबुक हा शब्द दिसला तर थांबा, पाथ चुकला आहे.

क्लीनर यादीत दिसतच नसेल तर कारणं ठरलेली असतात. ‘असंबद्ध क्लीनर लपवा’ हा पर्याय चालू असतो आणि पुसण्यासारखं काही सापडलेलं नसतं. किंवा एक्सएमएलमध्ये एखादा टॅग बंद केलेला नसतो, त्यासाठी ब्लीचबिट टर्मिनलमधून सुरू करा, चूक तिथं छापली जाते. किंवा लिनक्सवर ती फाइल कुणालाही लिहिता येईल अशा परवानगीची असते. अशा फाइली ब्लीचबिट सुरक्षिततेसाठी मुद्दाम टाळतं, कारण त्या मशीनचा दुसरा कुणीही तुमच्या क्लीनरमध्ये हवी ती डिलीट कमांड घुसडू शकेल. पेनड्राइव्हवरून कॉपी केलेल्या फाइलींना हे होऊ शकतं. टर्मिनलमध्ये परवानगी बदलणारी सीएचमॉड ६४४ ही कमांड दिली की दिसू लागतं.

क्लीनर दिसतो पण काही पुसत नाही, असं असेल तर ब्लीचबिट रूट म्हणून, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकारी खात्याने, उघडलंय का बघा. त्या खिडकीत टिल्डचा (~) अर्थ रूटचं होम फोल्डर असा होतो, टायपिस्टचं नाही. लिब्रेऑफिसच्या सफाईला रूटची गरजच नाही, साधी खिडकी वापरा.

फाइली पुसताना त्यांच्यावर पुन्हा लिहिण्याचा पर्याय प्रेफरन्सेसमध्ये आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तो उपयोगी पडतो. एसएसडीवर मात्र त्याच्या भरवशावर राहू नका, कारण एसएसडी नवं लिखाण वेगळ्या जागी टाकते आणि जुनं खाली पडून राहू शकतं. तिथं पूर्ण डिस्क एन्क्रिप्शन हाच उपाय.

अवशेष मुळातच कमी व्हावेत असं वाटत असेल तर टूल्स → ऑप्शन्स → ॲडव्हान्स्ड → एक्सपर्ट कॉन्फिगरेशन मध्ये पिकलिस्टसाइज शोधून शून्य करा, म्हणजे यादी भरायचीच थांबते. ऑटोरिकव्हरी मात्र बंद करू नका. पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि वीस पानांचं वाटणीपत्र पुन्हा टाइप करणं कुणाच्याच सोयीचं नाही. पक्षकाराच्या पेनड्राइव्हवर जाणाऱ्या फाइलीत लेखक म्हणून दुकानाच्या टायपिस्टचं नाव जातं, ते ब्लीचबिट काढत नाही. फाइल → प्रॉपर्टीज → जनरल मध्ये ‘ॲप्लाय यूजर डेटा’ची खूण काढा, ‘रीसेट प्रॉपर्टीज’ हे बटण दाबून सेव्ह करा आणि मगच फाइल द्या.