‘फॅसाइल’ शब्दाने मला शिकवलेला धडा

एमएस्सी केमिस्ट्री करताना ‘फॅसाइल’ (facile) हा इंग्रजी शब्द रोज डोळ्यांखालून जायचा. ‘फॅसाइल सिंथेसिस ऑफ’ (अमुक पदार्थ सहज तयार करणं) अशी सुरुवात असलेले शोधनिबंध ढिगाने सापडतात. तिथे ती शाबासकी असते: टप्पे कमी, फार तापवावं लागत नाही, साधी रसायनं चालतात. मी मनात गाठ बांधली, फॅसाइल म्हणजे सोपं, सुटसुटीत, चांगलं.

परदेशी शिकायला जाण्याच्या अर्जासाठी निवेदन लिहायला घेतलं, तेव्हा आमच्या सरांबद्दल मनापासून लिहिलं की त्यांचं विषय समजावणं फारच ‘फॅसाइल’ होतं. गंगापूर रोडला राहणाऱ्या, इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंना कच्चा मसुदा दाखवला. त्यांनी त्या शब्दाखाली रेघ ओढली आणि विचारलं, “अगं, सरांवर राग आहे का तुझा?”

मी म्हटलं, “नाही हो बाई, ते माझे सगळ्यात आवडते सर!”

“मग ते थातूरमातूर शिकवायचे असं का लिहिलंस?”

दुसऱ्या दिवशी सार्वजनिक वाचनालयात जाऊन जाडजूड इंग्रजी शब्दकोश घेऊन बसले. (नाशिकमध्ये राहून अभ्यास करत असाल तर 1840 साली सुरू झालेल्या या वाचनालयाचा आधार जरूर घ्या.) शब्द मूळचा लॅटिन ‘फॅसिलिस’, म्हणजे करायला सोपा. ‘फॅसिलिटी’, ‘फॅसिलिटेट’ त्याच घरातले, आणि ‘डिफिकल्टी’च्या पोटातही तोच बसलाय. पण ‘फॅसिलिटी’ला अजून मान आहे, एखाद्याची भाषेतली सफाई सांगायला तो खुशाल वापरतात. ‘फॅसाइल’वर मात्र ‘नको तितकं सोपं’ असा डाग पडला. ब्रिटिश उच्चार फॅसाइल, अमेरिकन साधारण फॅसल.

माझी चूक इथे होती. अर्थ त्या शब्दापेक्षा त्याच्या पुढच्या नामावर ठरतो. रासायनिक क्रिया किंवा सामन्यातला विजय असेल, तर ‘विनासायास’. क्रीडावार्तांमध्ये ‘फॅसाइल विन’ म्हणजे निव्वळ एकतर्फी विजय. पण पुढे युक्तिवाद, तुलना, स्पष्टीकरण, उपाय, आशावाद असं काही आलं, म्हणजे जिथे डोकं शिणवायलाच हवं होतं तिथे ते शिणवलं नाही, असा ठपका येतो. लेखकाला लावताना तर फार जपा. पूर्वी ‘फॅसाइल पेन’ म्हणजे झरझर चालणारी लेखणी असं कौतुक होई. आज ‘फॅसाइल रायटर’ म्हटलं तर बहुधा उथळ लिहिणारा असंच कानावर येतं.

मला हे खरं उमगलं ते आपल्याकडच्या कांद्यावरून. लासलगावला भाव पडले की कुणीतरी म्हणतंच, “सगळ्यांनी कांदाच लावला, दुसरं काय!” ऐकायला पटतं. पण 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, ती 2024 च्या मे महिन्यात उठली. उन्हाळ कांदा चाळीत टिकतो, खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. पाऊस कधी पडतो, हेही आहेच. हे सगळं गाळून दिलेलं एका वाक्याचं उत्तर म्हणजे ‘फॅसाइल एक्स्प्लनेशन’. ते खोटंच असेल असं नाही, अपुरं असतं.

‘ग्लिब’शी गल्लत करू नका. ‘ग्लिब’ मुख्यतः बोलण्याला लागतो: गुळगुळीत, अडखळत नाही, पण मनापासूनही नाही. जीआरई या परदेशी उच्चशिक्षणासाठीच्या प्रवेश परीक्षेत सहा पर्यायांतून दोन समानार्थी निवडायचे असतात, तिथे ‘फॅसाइल’ दिसला की ‘ईझी’कडे हात जायच्या आधी वाक्यात ‘गुंतागुंत’, ‘बारकावे’ अशा अर्थाचं काही आहे का ते शोधा. असेल तर जोडी ‘सुपरफिशियल’शी किंवा ‘सिम्प्लिस्टिक’शी लागायची शक्यता जास्त.

वहीत शब्द आणि अर्थ एवढंच लिहायचं मी सोडलं. आता शब्दासमोर त्याच्याबरोबर भेटलेली तीन नामं लिहिते.

निवेदनात सरांसाठी शेवटी ‘ल्युसिड’, म्हणजे सुस्पष्ट, लिहिला. बाईंनी या वेळी रेघ ओढली नाही.