एच अँड सी : पहिलं पत्र आल्यानंतरची कामं

मानवतेच्या आधारावर कॅनडात कायम राहण्यासाठी जो अर्ज करतात, त्याच्या पहिल्या टप्प्याचं मंजुरीपत्र आलं की पहिला फोन गावी जातो आणि दुसरा मला येतो : "ताई, पीआर झालं!" पीआर, म्हणजे कायमचं वास्तव्य, झालेलं नसतं. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २५(१) खाली अधिकाऱ्याने इतकंच म्हटलेलं असतं, की तुमची परिस्थिती बघता इथे राहूनच अर्ज करायची सूट देतो आणि स्टेटस, म्हणजे इथे राहण्याची कायदेशीर परवानगी, नसल्याचं मनावर घेत नाही. तब्येत, पोलीस, सुरक्षा, ओळख या अटी अजून तशाच उभ्या असतात. ह्युमॅनिटेरियन अँड कम्पॅशनेटच्या, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडच्या एच अँड सीच्या, बऱ्याच केसेस या दुसऱ्या टप्प्यावर लटकतात. माझीही लटकली होती.

मी वकील नाही. पैसे घेऊन असा सल्ला द्यायला इथे परवाना लागतो. ब्रॅम्प्टनच्या माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लोक येऊन बसतात, चहा होतो, आम्ही मिळून कागद लावतो, इतकंच. तुमचा इमिग्रेशन कन्सल्टंट असेल तर त्याचं नाव कन्सल्टंटांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे त्यांच्या 'कॉलेज'च्या, जाहीर यादीत आहे का ते आज रात्रीच बघा. आणि अर्जावर ईमेल स्वतःचा द्या, त्याचा नको. स्पॅमही रोज उघडा.

१. पत्र वाचा, देश सोडू नका

पत्रात कोणत्या अटीतून सूट मिळाली ते लिहिलेलं असतं. जी सूट मागितली नाही ती मिळाली असेल असं धरून चालू नका. ऑन्टारियो वर्क्सचे, म्हणजे प्रांताच्या सरकारी मदतीचे, पैसे घेत असाल, पासपोर्ट मिळवणं शक्यच नसेल किंवा उपचार फार खर्चिक असतील, तर प्रत्येक गोष्टीसाठी सूट वेगळी मागावी लागते. पत्रात तिचा उल्लेख नसेल तर लगेच वकील गाठा. हेरगिरी, दहशतवाद, युद्धगुन्हे किंवा संघटित गुन्हेगारी या कारणांनी नाव अडकलं असेल तर कलम २५ काही करू शकत नाही, मग किती का कनवाळू अधिकारी असेना.

देशाबाहेर काढण्याचा आदेश असेल तर या मंजुरीपासून अंतिम निर्णयापर्यंत त्याला आपोआप स्थगिती मिळते. नुसता अर्ज टाकून ती मिळत नसते, हेही ऐकून ठेवा, कारण उलटं सांगणारे गल्लोगल्ली आहेत.

पण विमानात बसलात तर स्थगिती वगैरे काही उरत नाही. आदेश असलेला माणूस बाहेर गेला की तो आदेश अमलात आला असंच धरतात. आदेश नसला तरी परत आत घेतीलच याची हमी कोणी देत नाही. माझे वडील या काळातच गेले. अंत्यविधी मी फोनच्या पडद्यावर पाहिला, भावाचा हात थरथरत होता म्हणून निम्मा वेळ नुसतं आभाळच दिसत होतं. "चार दिवस जाऊन ये, कोणाला कळतंय" असं तेव्हाही मला दोघांनी सांगितलं होतं.

२. वर्क परमिट

पहिली मंजुरी मिळाली की ओपन वर्क परमिटचा, म्हणजे कुठल्याही मालकाकडे चालणाऱ्या परवान्याचा, अर्ज करता येतो. करा. त्यावर मिळणारा सिन नंबर (काम आणि करासाठीचा सरकारी क्रमांक) ९ ने सुरू होतो आणि परमिटबरोबर संपतो. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहा.

३. मेडिकल

नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडची तपासणी चालत नाही, आयआरसीसीच्या, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या, यादीतलाच पॅनेल फिजिशियन लागतो. पत्र, पासपोर्ट, चष्मा आणि चालू औषधांची यादी घेऊन जा. निकाल १२ महिने चालतो, केस त्यापुढे रेंगाळली तर पुन्हा करावी लागते, त्याबद्दल कोणाशी भांडून उपयोग नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना लहानपणी टीबी होऊन गेलेला असतो आणि एक्स-रेमध्ये जुना डाग दिसतो. मग थुंकीचे नमुने मागतात आणि कल्चरचा निकाल यायला काही आठवडे जातात. घाबरू नका आणि लपवू तर मुळीच नका. जुन्या उपचारांचे कागद गावाहून मागवता आले तर उत्तम.

४. पोलिसांचा दाखला

गेल्या १० वर्षांत, वयाच्या १८ नंतर, जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात अशा प्रत्येक देशाचा. कॅनडाचा नको, ते तुमच्या बोटांच्या ठशांवरून स्वतः बघतात. भारताचा हा दाखला, पीसीसी, इथून बीएलएस या कंपनीमार्फत मिळतो. दुबई, कुवेत, मस्कतला नोकरी केलेले कोकणातले बरेच जण इथे आहेत. त्यांनी तिकडचा दाखला सगळ्यात आधी सुरू करावा. आखातातून कागद यायला वेळ लागतो, तिथे धावपळ करणारा एखादा नातेवाईक असला तर बरं.

नावाचा घोळ याच ठिकाणी निघतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, लग्नानंतर नवऱ्याचं, पासपोर्टवर दोन्ही नावं एकाच रकान्यात, आणि कुलकर्णी या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. जेवढी नावं आयुष्यात वापरलीत तेवढी सगळी 'इतर नावे' या रकान्यात लिहा. नावबदलाचं राजपत्र असेल तर जोडा. नाव बदललं म्हणून कोणी अर्ज फेटाळत नाही, पण न सांगितलेलं नाव सापडलं तर प्रश्न सुरू होतात.

५. दहा वर्षांचा हिशेब

आता खरं काम. दुसऱ्या टप्प्यात तुमची पार्श्वभूमी तपासण्यासाठी फॉर्म पुन्हा भरून मागतात, त्यात आयएमएम ५६६९, शेड्यूल ए हा मुख्य. गेल्या १० वर्षांचा इतिहास, म्हणजे काम, शिक्षण, बेकारी, सगळं, महिन्यागणिक, मधे एकही भोक न ठेवता. पत्तेही तसेच. दिसायला फॉर्म साधा आहे. लोक तो रविवारी दुपारी झोप काढायच्या आधी भरून टाकतात.

माझं काय झालं ते सांगते. पहिला अर्ज कन्सल्टंटने भरला. स्टेटस गेल्यानंतरच्या सात महिन्यांपुढे त्याने 'गृहिणी' लिहिलं. मी त्या सात महिन्यांत एका बाईंच्या बेसमेंटमध्ये पहाटे पाचपासून टिफिनच्या पोळ्या लाटत होते, रोख पैशांवर. दुसऱ्या टप्प्याला मी फॉर्म स्वतः भरला आणि त्याच महिन्यांपुढे, आठवेल तसं, 'बेकार' लिहिलं. आणि अर्जाबरोबर जोडलेल्या त्या बाईंच्याच पत्रात लिहिलं होतं, "माझ्याकडे कामाला होती, फार कष्टाळू." एकाच फाइलमध्ये तीन माणसं : एक गृहिणी, एक बेकार, एक कष्टाळू. अधिकाऱ्याचं पत्र आलं, ३० दिवसांत खुलासा करा. त्या रात्री मला भाकरी गिळली नाही.

त्यातून जे शिकले ते असं. पहिल्या टप्प्यात तुमची कहाणी ऐकलेली असते : मुलांचं हित, इथे धरलेलं मूळ, परत गेल्यास होणारे हाल. २०१५ च्या कांथासामी निकालात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की हे सगळं एकत्र, माणूस म्हणून बघायचं. दुसऱ्या टप्प्यात कहाणी संपली. इथे कारकुनी नजर आहे, ती फक्त ताळा बघते. म्हणून आता आणखी रडगाणं लिहू नका. गणपती मंडळाच्या अध्यक्षांचं, देवळातल्या गुरुजींचं, मुलाच्या हॉकी कोचचं नवं शिफारसपत्र तर पाठवूच नका. त्याने काही होत नाही, उलट प्रत्येक पत्रात एखादी तारीख असते आणि ती तुमच्या तारखेशी जुळेल असं नाही.

पद्धत माझी : एक रेघांची वही घ्या. एका ओळीत एक महिना. दहा वर्षांच्या १२० ओळी. पहिल्या रकान्यात पत्ता, दुसऱ्यात काय करत होता, तिसऱ्यात पुरावा. पुरावा म्हणजे मोठं काही नाही : पासपोर्टवरचे शिक्के, मुलाचं लसीकरणाचं पिवळं कार्ड, फोनचं बिल, घरमालकाने वहीच्या पानावर दिलेली भाड्याची पावती, व्हॉट्सॲपवरच्या फोटोची तारीख. माझा एक हरवलेला महिना मला बर्फातल्या फोटोवरून सापडला, मागे जुन्या घराचं पत्र्याचं कुंपण होतं. वही भरली की पहिल्या अर्जाची प्रत शेजारी ठेवा आणि ओळ न् ओळ पडताळा. पहिल्या अर्जाची प्रत नाही? मग माहिती अधिकाराचा अर्ज टाकून आधी फाइल मागवा. फी ५ डॉलर, कॅनडात राहणाऱ्या कोणालाही मागता येते. तुमच्याबद्दल अधिकाऱ्याने काय टिपलंय तेही त्यात येतं. कोणत्याही कन्सल्टंटच्या अंदाजापेक्षा ते पाच डॉलर मोलाचे.

विसंगती सापडली तर? दुरुस्त करा आणि तसं लेखी सांगा. "कॅशचं काम लिहायचं नाही" हा जो सल्ला सगळीकडे फुकट मिळतो, त्याच्याइतका घातक सल्ला मला माहीत नाही. परवान्याशिवाय काम केलं, स्टेटसशिवाय राहिलो, या गोष्टी माफ व्हाव्यात म्हणूनच तर आपण हा अर्ज करतो. त्यासाठी दार उघडं आहे. खोटं सांगितल्याचं ठरलं की कलम ४० लागतं आणि पाच वर्षांची बंदी येते. चूक माफ करून घ्यायची की लपवून नवी चूक करायची, यात विचार करण्यासारखं काय आहे?

खुलाशाचं पत्र एका पानाचं. माझ्या पत्रातल्या ओळी साधारण अशा होत्या : अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत मी रोख पैशांवर स्वयंपाकाचं काम केलं, पहिल्या अर्जात 'गृहिणी' लिहिलं गेलं, ते चुकीचं होतं, दुसऱ्या फॉर्ममध्ये 'बेकार' मी लिहिलं, तेही चुकीचं, योग्य नोंद सोबत जोडली आहे, परवान्याशिवाय केलेल्या कामाबद्दल कलम २५(१) खाली सूट मागते. कन्सल्टंटवर खापर फोडण्याचा मोह होता. पहिल्या खर्ड्यात फोडलंही होतं, दीड पान. पुतण्याने ते खोडून टाकलं, "आत्या, सही कोणाची आहे?" म्हणाला. सही माझीच होती. कोऱ्या फॉर्मवर सही कधीही करू नका.

त्या रोख कमाईचे टॅक्सही मी मागाहून भरले. सिन नंबर नसला तरी सीआरए, म्हणजे कॅनडाचं कर खातं, तात्पुरता कर क्रमांक देतं.

६. घरात काही बदललं तर

लग्न, घटस्फोट, बाळ, कोणाचा मृत्यू, नवा पत्ता : त्याच आठवड्यात वेबफॉर्मवरून कळवा. गावी असलेला नवरा, बायको, २२ वर्षांखालची मुलं, सगळ्यांची नावं अर्जात हवीतच, पहिल्या लग्नाची आणि आजोळी वाढणारी मुलंसुद्धा. एच अँड सीमध्ये त्यांचं पीआर तुमच्याबरोबर होत नाही, नंतर स्पॉन्सर करावं लागतं. पण आज त्यांचं नाव दडवलं किंवा सांगूनही त्यांची तपासणी करून घेतली नाही, तर पुढे त्यांना फॅमिली क्लासमधून, म्हणजे नातेवाईक म्हणून स्पॉन्सर करून, आणण्याचा रस्ता बंद होतो. पहिल्या लग्नाची मुलगी "लोक काय म्हणतील" म्हणून न लिहिणारी माणसं माझ्या टेबलाशी बसून रडलेली आहेत.

आणि दारू पिऊन गाडी चालवू नका. डिसेंबर २०१८ पासून तो गुन्हा इमिग्रेशनच्या लेखी गंभीर गुन्हेगारीत जाऊ शकतो.

७. शेवटची फी आणि पोर्टल

राइट ऑफ पर्मनंट रेसिडेन्स फी मागतील. ३० एप्रिल २०२४ पासून ती ५७५ डॉलर झाली आणि ती मधूनमधून वाढते, म्हणून भरण्याच्या दिवशी साइटवर आकडा बघा. अवलंबून असलेल्या मुलांना ती नाही. क्वेबेकमध्ये राहत असाल तर त्या प्रांताचं निवडपत्रही लागतं, म्हणून केस चालू असताना मॉन्ट्रियलला घर हलवण्याआधी दोनदा विचार करा.

मग एक दिवस ईमेल येतो : कॅनडातच आहात ना? उत्तर दिलं की दुसरा ईमेल, पोर्टलचं लॉगिन. तिथे पत्ता, फोटो आणि काही बदललं नसल्याचं जाहीर करणं. फोटो पीआर कार्डाच्या मापाचा, ५० बाय ७० मिलिमीटर, भारतीय पासपोर्टचा फोटो चालत नाही. घाईत सही करू नका, मागच्या महिन्यात लग्न झालं असेल तर ते इथेच सांगायचं असतं.

ई-सीओपीआर, म्हणजे पीआर झाल्याचा इलेक्ट्रॉनिक दाखला, मिळाला तो दिवस तुमचा. पण विमानाचं तिकीट कार्ड हातात आल्यावरच काढा. कार्ड नसताना बाहेर गेलात तर परतीच्या विमानात बसायला वेगळा ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढावा लागेल. कार्ड टपालाने येतं, म्हणून पेटीवर नाव लिहा, बेसमेंटमध्ये राहत असाल तर घरमालकालाही सांगून ठेवा. आणि सर्व्हिस कॅनडात जाऊन ९ ने सुरू होणारा जुना सिन नंबर बदलून घ्या. ओळीत माणसं असतात, सकाळी साडेआठच्या आधी जा.